बजाजवाडीचे धनी

वरोऱ्याहून नागपूरकडे निघालेली आगगाडी हिंगणघाट मागे टाकून सेवाग्राम स्थानकात शिरते. मुलांनो, ज्या खेड्यामुळे या स्थानकास हे नाव मिळाले, त्याची बरीचशी जमीन एके काळी एकाच मालगुजाराची होती. त्यांचे नाव शेठ जमनालाल बजाज.

जमनालालजींचा जन्म मात्र वऱ्हाड-नागपूर प्रांतातला नव्हे. राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी, ४ नोव्हेंबर १८८९ रोजी, कनीराम व बिरदीबाई या सामान्य स्थितीतील दांपत्याच्या पोटी ते जन्मास आले. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांचा मुलगा निवर्तला होता. घराण्यास वारस नव्हता. त्यांनी या बालकास नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या मोबदल्यात कनीरामांनी धन घेतले नाही. पाण्यावाचून हाल सोसणाऱ्या आपल्या गावासाठी एक विहीर तेवढी मागितली, अशी आठवण सांगितली जाते.

वाळवंटातले पोर वर्ध्याच्या पेढीत आले. शाळा मराठी चौथीपर्यंतच झाली. पुढचे शिक्षण हिशेबाच्या वह्यांनी दिले. बारा-तेराव्या वर्षी जानकीदेवींशी लग्नही लागले.

बच्छराजजी प्रेमळ खरे, पण मोठे तापट. १९०७ साली एका लग्नसमारंभास जाताना नातवाने उंची पोशाख व दागिने घालावेत, असा त्यांनी आग्रह धरला. सतरा वर्षांच्या जमनालालास तो थाट रुचेना. शब्दाने शब्द वाढला. आपल्या पैशावर हा मुलगा जगतो, याची आठवण आजोबांनी संतापाच्या भरात करून दिली. जमनालालाने उलट उत्तर केले नाही. त्याने मुद्रांकित कागद घेतला, आपला या संपत्तीवर काडीमात्र हक्क नाही असे त्यावर लिहून दिले, आणि घर सोडले. पत्र वाचून वृद्ध आजोबांचा राग कोठल्या कोठे गेला. मोठ्या मिनतवारीने त्यांनी नातवास परत आणले. त्याच वर्षी ते वारले व सर्व दौलत जमनालालांकडे आली. पण लिहिलेला कागद ते विसरले नाहीत. ही संपत्ती आपली नव्हे, आपण केवळ तिचे विश्वस्त, असेच ते मानीत. व्यापार मात्र त्यांनी चोख केला व तो वाढविलाही. पैसा मिळविण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

सरकारने त्यांना रायबहादूर केले. १९२१ साली असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती पदवी परत केली. घरातील मोलाच्या विलायती वस्त्रांची होळी झाली. जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरविले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात शेटजी तुरुंगात गेले. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले.

सर्वांत कठीण प्रसंग आला तो १९२८ साली. आजोबांनी बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. तुरुंगात जाणाऱ्यास लोक हार घालीत. येथे आप्तेष्टांनीच पाठ फिरविली. ज्यांच्या पंगतीत जन्म गेला, त्यांचा रोष पत्करणे बेडीहून जड असते. शेटजी माघार घेण्यास तयार झाले नाहीत.

त्यांच्या बजाजवाडीत देशातील पुढारी उतरत व मोठमोठ्या मसलती चालत. हळूहळू घरदारही हातावेगळे होऊ लागले. १९३४ साली आपली बाग व तेथील घर त्यांनी ग्रामोद्योगाच्या कार्यास दिले, तीच मगनवाडी. १९३६ साली महात्माजी शेटजींच्या मालगुजारीतील शेगावी राहावयास गेले. विदर्भातील दुसऱ्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई. म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

अखेरच्या काळात जमनालालजींनी गोसेवेचे व्रत घेतले. वर्ध्याजवळ गोपुरी येथे ते एका साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे अकस्मात निधन झाले.

पुत्र कमलनयन यांनी उद्योग पुढे नेला. ते वर्ध्याचे लोकसभा सदस्यही झाले. जानकीदेवींनी आपल्या वाट्याच्या संपत्तीचा त्याग केला. पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत त्या सामील झाल्या आणि त्यांनी स्वतःकडे घेतले ते काम कूपदानाचे, म्हणजे गावोगावी विहिरींसाठी दान मिळविण्याचे.