फ्रेडरिक डग्लस

४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेने आपला स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे वचन त्यात होते. परंतु त्याच देशात लाखो कृष्णवर्णीय माणसे गुरांप्रमाणे विकली जात होती. राष्ट्राला त्याच्या वचनाची आठवण करून देणारा एक थोर पुरुष पुढे या गुलामांतूनच निर्माण झाला. तो म्हणजे फ्रेडरिक डग्लस.

फ्रेडरिकचा जन्म १८१८ च्या सुमारास मेरीलँड राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. आपली जन्मतिथी त्याला कधीच कळली नाही. तान्हेपणीच त्याची आईपासून ताटातूट झाली. दूरच्या मळ्यावर राबणारी ती माउली दिवसभराच्या कष्टांनंतर रात्री कित्येक मैल चालत येई, लेकराला कुशीत घेई आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. तो लहान असतानाच ती वारली.

पुढे त्याला बाल्टिमोर शहरी धाडण्यात आले. तेथील मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली. पण मालकाने तिला मना केले. शिकलेला माणूस गुलाम म्हणून राहणार नाही, हे तो जाणून होता. फ्रेडरिकने त्यातून नेमका उलट बोध घेतला. तो गरीब गोऱ्या मुलांना आपल्याजवळचा पाव देई आणि त्यांच्याकडून वाचन शिकून घेई.

सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाचा वेष घेऊन तो निसटला व त्याने न्यूयॉर्क गाठले. नंतर तो सभांतून गुलामांची दुःखे सांगू लागला. पुन्हा पकडले जाण्याचे भय असूनही १८४५ साली त्याने स्वतःच्या नावाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनानिमित्त त्याचे भाषण झाले. राष्ट्राच्या संस्थापकांच्या शौर्याचा त्याने गौरव केला. मग त्याने श्रोत्यांना विचारले, की ज्यांच्या पायांत बेड्या आहेत, त्यांना या उत्सवाचा काय आनंद? सभेतील जनांना हे शब्द झोंबणारे होते. तरीही त्याने जाहीरनामा झिडकारला नाही. त्यातील तत्त्वे सर्वांना लागू करा, एवढीच त्याची मागणी होती.

अखेर यादवी युद्धानंतर १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. तिचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. १८७३ साली महात्मा फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला.

डग्लसचे कार्य मात्र थांबले नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी तो स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या सभेस गेला होता. तेथून घरी परतल्यावर त्याच दिवशी त्याचे देहावसान झाले.