आयक्यू टेस्टचा जन्म कसा झाला? आल्फ्रेड बिने यांची गोष्ट

आयक्यू टेस्टबद्दल तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. मोबाईलवर दहा-बारा प्रश्न सोडवले की एक आकडा येतो आणि आपण तो मित्रांना दाखवतो. पण हे टूल मुळात सर्वात हुशार कोण हे शोधण्यासाठी बनलंच नव्हतं. शाळेत मागे पडणारं मूल ओळखता यावं आणि त्याला मदत मिळावी, यासाठी ते बनलं. ते बनवणारे होते आल्फ्रेड बिने.

कोण होते बिने?

त्यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस शहरात झाला. शिक्षण घेतलं कायद्याचं, पण मन तिथे रमलं नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्र शिकले.

सुरुवात मात्र चुकली. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की एका बाजूची लक्षणं दुसऱ्या बाजूला जातात, असा दावा त्यांनी केला होता. पुढे लक्षात आलं, की काय घडणं अपेक्षित आहे हे रुग्णांना आधीच कळत होतं. बिने यांना चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. तपासणाऱ्याची अपेक्षाच निकालात उतरू शकते, हा धडा त्यांना चांगलाच महागात पडला.

मग त्यांनी घरातच निरीक्षण सुरू केलं. माद्लेन आणि अलिस या त्यांच्या दोन मुली. एकाच घरात वाढलेल्या, पण विचार करायची पद्धत अगदी वेगळी. मुलांना एकाच मापाने मोजून चालणार नाही, हे त्यांना इथेच दिसलं.

टेस्टची गरज का पडली?

१८८२ मध्ये फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळी मुलं वर्गात आली आणि काहींना शिकणं जड जातंय हे दिसू लागलं. अशा मुलांचं काय करायचं, यासाठी १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. बिने त्यात होते.

धोका मोठा होता. शिक्षकांच्या किंवा डॉक्टरांच्या नुसत्या अंदाजावर मुलावर 'मंद' असा शिक्का बसू शकत होता. खरं तर एखादं मूल लाजाळू असेल, सारखं आजारी पडत असेल किंवा त्याला फळाच नीट दिसत नसेल!

टेस्ट कशी काम करायची?

१९०५ मध्ये बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सायमन यांनी ३० छोट्या कृतींची यादी तयार केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. चित्रातल्या वस्तू ओळखणं, ऐकलेले आकडे परत म्हणणं, दोन वस्तूंमधला फरक सांगणं, असं बरंच काही. पाठांतरापेक्षा समज तपासण्यावर भर होता.

१९०८ मध्ये या कृती वयानुसार लावल्या. समजा, नऊ वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलांच्या कृतींपर्यंतच पोचलं, तर त्याला जास्त मदत हवी, एवढाच त्याचा अर्थ.

बिने यांच्या मते बुद्धी कायमची ठरलेली नसते. म्हणून त्यांनी लक्ष आणि स्मरणशक्ती वाढवणारे व्यायामही सुचवले. त्यातला एक तर आपल्या 'स्टॅच्यू' खेळासारखाच होता, मुलांनी न हलता उभं राहायचं! १९०९ मध्ये फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी खास वर्गांचा कायदाही झाला.

मग गडबड कुठे झाली?

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं आणि आजचा आयक्यू लोकप्रिय झाला. अमेरिकेत तर स्थलांतरितांना कमी लेखण्यासाठीही या चाचण्या वापरल्या गेल्या. मदतीसाठी बनलेलं टूल शिक्का मारायला वापरलं गेलं.

आपल्याशी काय संबंध?

१९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बदलून घेतली. 'बिने-कामत चाचणी' म्हणून ती आजही भारतात वापरली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. त्यामुळे तुमच्या मुलाची अशी तपासणी करायची वेळ येऊ शकते.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आकडा बघून घाबरू नका. मूल कुठे अडतंय, त्याची नजर आणि ऐकणं तपासलंय का आणि आता शाळा काय मदत करणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. बिने यांनी टेस्ट बनवली होती ती याच उत्तरांसाठी.