ऑस्कर वाइल्ड : सौंदर्याचा पुजारी

सुंदर वस्तु पाहून मनास आनंद व्हावा यांत कांहीं गैर नाहीं. शेतांतील हिरवें पीक, संध्याकाळचें आकाश, गोड गळ्यानें गाइलेलें भजन हीं सर्व उत्तम दानें होत. परंतु दात्यास विसरून व शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून मनुष्य जेव्हां केवळ सौंदर्याचीच पूजा मांडतो, तेव्हां त्याचें काय होतें, याचा विचार करण्यास ऑस्कर वाइल्ड या आयरिश ग्रंथकाराचें चरित्र फार उपयोगी आहे. ती पूजा त्यानें स्वतः केली, आणि तिच्यांतील धोका दाखविणारी कादंबरीही त्यानेंच लिहिली.

वाइल्ड याचा जन्म ता. १६ ऑक्टोबर १८५४ रोजीं डब्लिन शहरीं झाला. त्याचे वडील डोळ्यांचे व कानांचे नामांकित शस्त्रवैद्य असून आई कवयित्री होती. डब्लिन येथील शिक्षण संपवून तो १८७४ सालीं ऑक्सफर्ड येथें गेला. तेथें त्या वेळीं दोन थोर शिक्षक होते. एक जॉन रस्किन. सौंदर्य हें सत्य, नीति व प्रामाणिक श्रम यांपासून तोडतां येत नाहीं, अशी त्याची शिकवण होती. आणि त्याच वर्षीं त्यानें विद्यार्थ्यांच्या हातीं कुदळी व फावडीं देऊन जवळच्या हिंक्सी खेड्यांत रस्ता बांधावयास लाविलें. दुसरा वॉल्टर पेटर. त्यानें १८७३ सालच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटीं असें प्रतिपादिलें होतें कीं, आयुष्य अल्प आहे, म्हणून प्रत्येक क्षणाचा उत्कट अनुभव घेण्यांतच त्याचें सार्थक आहे. हा उपदेश तरुणांस भलत्या वाटेस नेईल अशी भीति पुढें खुद्द पेटर यासच वाटली, व १८७७ च्या आवृत्तींतून त्यानें तो भाग गाळला. वाइल्ड यानें दोघांचेंही ऐकिलें. पण त्याचें मन पेटरकडे अधिक ओढलें.

पुढें तो लंडन येथें राहिला. त्याचा मखमली पोषाख व चतुर भाषण यांची सर्वत्र चर्चा होई. १८८२ सालीं अमेरिकेंत हिंडून त्यानें सौंदर्यावर व्याख्यानें दिलीं. १८८४ सालीं कॉन्स्टन्स नामक सुशील स्त्रीशीं त्याचा विवाह झाला व त्यांस दोन मुलगे झाले.

१८९० सालीं एका मासिकांत त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या वर्षीं ती वाढवून ग्रंथरूपानें निघाली. तिचा नायक डोरियन ग्रे हा अत्यंत देखणा तरुण. एक चित्रकार त्याचें चित्र काढितो. तें पाहून, आपण सदा तरुण राहावें आणि वार्धक्य या चित्रास यावें, अशी इच्छा डोरियन बोलून दाखवितो, आणि तसेंच घडतें. सिबिल नांवाच्या एका गरीब नटीवर तो प्रेम करितो. पण तें प्रेम तिच्या कलेवर असतें. एके रात्रीं तिचा अभिनय फिका पडतांच तो तिला निष्ठुरपणें झिडकारितो, आणि ती प्राण देते. घरीं येऊन पाहतो तों चित्रांतील ओठांवर क्रूरपणाची रेघ उमटलेली! तो तें चित्र माळ्यावरील खोलींत कुलुपांत ठेवितो. पापें वाढत जातात. त्याचें मुख निष्कलंकच राहतें, पण चित्र मात्र दिवसेंदिवस भेसूर होतें. चित्रकार तें पाहून त्यास प्रार्थना करावयास विनवितो, तर डोरियन त्यालाच ठार करितो. शेवटीं तो चित्रावर सुरी चालवितो. चाकर येऊन पाहतात तों चित्र पूर्वीसारखें सुंदर, आणि खालीं एक सुरकुतलेला पुरुष मरून पडलेला. बोटांतील अंगठ्यांवरून धन्याची ओळख पटते.

या ग्रंथास अनेकांनीं अनीतिमान म्हटलें. त्यांत बोध आहे, किंबहुना तो फारच उघड आहे, असें उत्तर वाइल्ड यानें वर्तमानपत्रांतून दिलें. तरी ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें याच्या उलट लिहिलें कीं, पुस्तकास नीति वा अनीति नसतेच. जें त्याची कथा सांगत होती, तें तो स्वतः ऐकत नव्हता.

१८९५ सालीं तो कीर्तीच्या शिखरावर होता. एका उमरावानें त्याजवर आरोप केला म्हणून त्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली. ती अंगलट येऊन तोच आरोपी झाला. पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधास गुन्हा ठरविणाऱ्या १८८५ च्या कायद्यान्वयें त्यास दोन वर्षें सक्तमजुरी मिळाली. इंग्लंडांत तो कायदा १९६७ सालीं बदलला. म्हणून ती शिक्षा म्हणजे त्याच्या मतांचें फळ, असें कोणीं मानूं नये. परंतु सुखविलासांत आपण आपली बुद्धि उधळली, हा दोष त्यानें मागाहून स्वतःच कबूल केला. आणि त्याची झळ निरपराध बायकामुलांस लागली. त्यांस आडनांव बदलून परदेशीं राहावें लागलें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यास दुसऱ्या तुरुंगांत नेतांना एका स्टेशनावर, पावसांत, बेड्या घालून उभें केलें होतें. ज्याच्या पोषाखाकडे लोक कौतुकानें पाहत, त्याच्या कैद्याच्या वेषास आतां गर्दी हंसली. १८९६ सालीं आई वारली. ती वार्ता परक्याच्या तोंडून कळूं नये म्हणून कॉन्स्टन्स आजारी असतांही इटलींतून तुरुंगांत आली.

नाताळाच्या सुमारास त्यास ग्रीक नवा करार मिळाला. रोज सकाळीं कोठडी झाडून, भांडीं घासून तो शुभवर्तमानांतील कांहीं वचनें वाची. तेथें लिहिलेल्या त्याच्या दीर्घ पत्रास मागाहून १३० व्या स्तोत्राच्या आरंभींच्या लॅटिन शब्दांचें नांव मिळालें.

मे १८९७ मध्यें तो सुटला, आणि त्याच महिन्यांत त्यानें एका दैनिकास पत्र लिहिलें. सशांसाठीं फांसे लावले म्हणून दंड झालेलीं व तो भरतां न आल्यानें तुरुंगांत आलेलीं तीन लहान मुलें त्यानें पाहिलीं होतीं. त्यांपैकीं सर्वांत धाकट्यास बिस्किटें दिलीं म्हणून एका पहारेकऱ्यास कामावरून काढिलें होतें. त्या मुलांच्या भुकेविषयीं व भयाविषयीं वाइल्ड यानें कळवळून लिहिलें.

त्याचे सर्व निश्चय टिकले नाहींत. तो पुन्हा जुन्या सोबत्यांत गेला, मुलांची भेट त्यास पुन्हा झाली नाहीं, आणि ता. ३० नोव्हेंबर १९०० रोजीं पॅरिस येथें दारिद्र्यांत तो मरण पावला. मृत्यूच्या आदल्या दिवशीं एका रोमन कॅथॉलिक पाळकानें त्यास मंडळींत घेतलें.

वाचकहो, डोरियन यास सिबिलची कला दिसली, पण सिबिल दिसली नाहीं. तुरुंगांतील त्या पोरांत पाहण्यासारखें सौंदर्य कांहींच नव्हतें, आणि तरी वाइल्ड यास तें पोर दिसलें. आपल्या मंडळींत गोड आवाज, शुभ्र वस्त्र व सुबक भाषण यांचा आपण आदर करितों, तो करावा. मात्र मागल्या ओळींत फाटक्या कपड्यांनीं बसलेला भाऊ आपणांस दिसतो कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.