नवऱ्याने धर्म बदलला, संसार मोडला. लक्ष्मीबाई टिळकांचं घर पुन्हा कसं उभं राहिलं?

साल १८९५. कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडी विस्कटली. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, पदरात लहानगा दत्तू. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने पतीपासून वेगळ्या राहिल्या.

टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई नगरला परतल्या, तेव्हाही त्यांचं सोवळं-ओवळं सुरूच होतं. पुढे जातिभेद देवाने नव्हे, माणसानेच केलाय, हे त्यांना पटलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. या घरात मग निराधार मुलंही वाढली.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूचं चरित्र सांगणारं त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. शाळेत कधीच न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुढे नातू अशोक टिळकांनी संपादित केलं.

ज्या श्रद्धेपायी हे घर एकदा तुटलं, तिनेच पुढे तीन पिढ्यांना एका कामात बांधलं. कारण इथे श्रद्धा लादली गेली नाही. ती पटेपर्यंत वाट पाहिली गेली.