डॉ. पां. वा. सुखात्मे : आकड्यांतला निःपक्षपात

गणेशोत्सवाच्या सोडतीत चिठ्ठी काढायला आपण लहान मुलाला बोलावतो. त्याचा ओढा कोणाकडे नसतो, म्हणून निकाल सर्वांना मान्य होतो. हीच रीत शेताच्या बांधावर नेऊन देशाच्या धान्याचा हिशेब खरा करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची ही ओळख.

त्यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि 1936 साली संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. त्या काळी यादृच्छिक आकडे म्हणजे कोणाच्या मर्जीने न निवडलेले आकडे, असा ढोबळ अर्थ घेतला जाई. टिपेट यांनी 1927 साली जनगणनेच्या अहवालांतून 41,600 अंक उचलून तक्ता छापला होता. 1938 साली केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी अशा अंकांना कसोट्या लावल्या : प्रत्येक अंक साधारण सारख्याच वेळा यावा, कोणतीही जोडी वरचढ ठरू नये. पुढे 1965 साली रशियाच्या कोल्मोगोरोव यांनी अर्थ आणखी खोल नेला. जी अंकांची रांग तिच्याहून थोडक्यात सांगताच येत नाही, ती यादृच्छिक.

सुखात्मे यांनी हे आकडे मातीत उतरवले. 1940 पासून कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी पीक कापणीची पद्धत रुजवली. गाव, शेत आणि शेतातला तुकडा, तिन्ही आकड्यांनीच ठरायचे. आकडे निःपक्षपाती असले तरी हात चुकतो, हेही त्यांनी दाखवले. तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. 1951 पासून ते रोमच्या जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. 1971 साली पद्मभूषण मिळाले. पुढे पुण्यात त्यांनी पोषणावर काम केले. 1997 साली ते निवर्तले.

ग्वाल्हेरच्या गावांत आजही पटवारी पीक कापणीला जातात. सरकारी नोकरीमुळे हे काम मी जवळून पाहतो. शेजारचा तुकडा सोयीचा दिसतो, पण पीकविम्याचा पैसा अशा मापावर ठरत आला आहे. आकडा म्हणेल तिथेच खुंटी ठोकायची. शेतकऱ्याला न्याय तिथूनच मिळतो.