वॉलेस यांची पैज आणि विज्ञानातील मतैक्य

शास्त्रज्ञांचे एकमत म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सामान्य वाचकाला वेळोवेळी पडतो. ते बहुमत असेल, तर सत्य हातवर करून ठरते असे म्हणावे लागेल. आणि ते बहुमत नसेल, तर त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या एकट्या माणसाला वेडगळ कोणत्या आधारावर म्हणायचे? या प्रश्नाची जितकी उकल एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून होईल, तितकीच आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या चरित्रातून होते. कारण प्रस्थापित मताचा रक्षक, त्याचा विरोधक आणि त्याच्यामुळे फसलेला अभ्यासक, या तिन्ही भूमिका त्यांनी एकाच आयुष्यात पार पाडल्या.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. घरची परिस्थिती ढासळत गेल्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि थोरल्या भावाच्या हाताखाली ते जमीनमोजणीचे काम शिकले. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत. साखळी, दुर्बीण आणि पाणसळ घेऊन शेतेमाळ तुडवणारा हा तरुण कीटक व वनस्पती गोळा करण्याच्या छंदातून निसर्गशास्त्राकडे वळला. १८४८ साली तो हेन्री बेट्स या मित्रासह ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला. चार वर्षांच्या कष्टानंतर परतताना १८५२ मध्ये जहाजाला आग लागली आणि सोबतचा जवळजवळ सारा संग्रह डोळ्यांदेखत नष्ट झाला. तरीही १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे त्यांनी मलाया द्वीपसमूहात काढली व सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले. १८५८ साली तेथे तापाने अंथरुणाला खिळले असताना त्यांना माल्थसच्या लोकसंख्याविषयक निबंधाची आठवण झाली आणि जीवनकलहात जे तगते तेच पुढे टिकते, हे सूत्र सुचले. अर्थशास्त्रातील एका वादग्रस्त सिद्धान्तातून जीवशास्त्राला दिशा मिळाली ती अशी. त्यांनी डार्विन यांना पाठवलेला लेख डार्विन यांच्या लिखाणासह १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला गेला.

अशा माणसाने पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करण्यासाठी पैज लावावी, हे आज विचित्र वाटेल. परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये पृथ्वी सपाट असल्याचा प्रचार जोरात चालू होता. सॅम्युएल रोबॉथम हा गृहस्थ 'पॅरलॅक्स' या टोपणनावाने गावोगाव व्याख्याने देत असे. १८४९ साली त्याने आपल्या मताची पुस्तिका काढली व १८६५ मध्ये तिचा विस्तृत ग्रंथ केला. नॉरफॉक परगण्यातील ओल्ड बेडफोर्ड नदीच्या सरळसोट कालव्यात उभे राहून सहा मैलांवरची नाव आपण पाण्याच्या पातळीवरून पाहिली, तेव्हा पाण्याला बाक नाही, असा त्याचा दावा होता. बायबलमधील शब्द अक्षरशः खरे मानणाऱ्या जॉन हॅम्पडन याने हा दावा उचलून धरला आणि जानेवारी १८७० मध्ये 'सायंटिफिक ओपिनियन' या नियतकालिकातून आव्हान दिले, की कोणीही नदी, कालवा वा सरोवराच्या पृष्ठाला बाक असल्याचे दाखवावे. आपण ५०० पौंडांची पैज लावू.

वॉलेस यांनी हे आव्हान स्वीकारले, त्याला दोन कारणे होती. चुकीच्या जागी पैसे गुंतवल्यामुळे ते अडचणीत होते आणि ५०० पौंड ही लहान रक्कम नव्हती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. निर्विवाद पुरावा समोर ठेवला की माणसाचे मत बदलते, यावर त्यांचा भाबडा म्हणावा इतका विश्वास होता. भूशास्त्रज्ञ लायेल यांचा सल्ला त्यांनी घेतला व त्यांनीही होकार दिला.

मार्च १८७० मध्ये त्याच कालव्यावर परीक्षा झाली. मोजणीदाराच्या अनुभवातून वॉलेस यांनी जी मांडणी केली, ती शाळकरी मुलालाही समजावी इतकी सोपी होती. सहा मैलांच्या अंतरावर दोन पूल. एका पुलावर पाण्यापासून १३ फूट ३ इंच उंचीवर दुर्बीण, दुसऱ्या पुलावर तितक्याच उंचीवर पांढऱ्या कापडावरील काळा पट्टा आणि बरोबर मध्ये, तीन मैलांवर, एका खांबाला बसवलेली त्याच उंचीची तबकडी. पाणी सपाट असेल, तर दुर्बिणीतून तबकडी व पट्टा एकाच रेषेत दिसावेत. पाण्याला बाक असेल, तर मधली तबकडी वर उचललेली दिसावी. गणिताने हा फरक सहा फुटांचा येतो. हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतात, म्हणून तो पाच फुटांच्या आसपास दिसावा. प्रत्यक्षात तबकडी तितकीच वर दिसली. निकाल 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक जॉन वॉल्श यांच्याकडे होता. त्यांनी तो वॉलेस यांच्या बाजूने दिला आणि पैजेची रक्कम त्यांच्या स्वाधीन केली.

येथे गोष्ट संपायला हवी होती. खरे पाहता ती येथून सुरू झाली. हॅम्पडनने स्वतः दुर्बिणीला डोळा लावण्याचेही नाकारले. आपला पंच विल्यम कार्पेंटर सांगेल ते आपल्याला मान्य, असा त्याचा पवित्रा होता. आणि कार्पेंटर हा सपाट पृथ्वीचा पुरस्कार करणारा लेखक होता. पाणसळ लावलेल्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा आडव्या तारेच्या जितकी खाली मधली तबकडी दिसली, तितकेच तबकडीच्या खाली दूरचे चिन्ह दिसले. अंतरे समान आहेत, म्हणून तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत, म्हणून पृथ्वी सपाट आहे, असा कार्पेंटरचा युक्तिवाद होता. वस्तुतः पृथ्वी सपाट असती, तर दोन्ही खुणा आडव्या तारेवरच दिसल्या असत्या. त्या क्रमाक्रमाने सारख्या अंतराने खाली दिसाव्यात, हेच तर गोल पृथ्वीचे गणित सांगते. म्हणजे प्रतिपक्षाने जो पुरावा आपल्या बाजूचा म्हणून दाखवला, तोच त्याच्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा होता. डोळ्यांनी दोघांनाही एकच दृश्य दिसले. ते वाचायचे कसे, यावर मात्र एकमत नव्हते.

यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ हॅम्पडनने वॉलेस यांची पाठ सोडली नाही. वॉलेस यांच्या संस्थांना, परिचितांना व शेजाऱ्यांना ते लबाड व चोर असल्याची पत्रे गेली. त्यांच्या पत्नीलाही धमकीचे पत्र आले. बदनामीच्या खटल्यांत हॅम्पडन दोषी ठरला, तुरुंगातही गेला आणि बाहेर येऊन पुन्हा तेच करू लागला. वॉलेस यांचे खटल्यांवर पैसे खर्च झाले आणि नुकसानभरपाई मात्र हाती लागली नाही. भरीस भर म्हणून कायदा आडवा आला. १८४५ च्या कायद्याने पैजेचे करार न्यायालयात निरर्थक ठरवले होते. रक्कम वॉलेस यांना देण्यापूर्वीच हॅम्पडनने ती परत मागितली होती, म्हणून १८७६ साली न्यायालयाने ती त्याला परत करावी असा निकाल दिला. पृथ्वी गोल ठरली आणि पैसे सपाट पृथ्वीवाल्याला मिळाले. वैज्ञानिक जगातही वॉलेस यांचे कौतुक झाले नाही. पूर्वीच निकालात निघालेल्या प्रश्नावर पैज लावून त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतले, असाच अनेकांचा सूर होता.

या प्रकरणातील अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. निराधार विधान करण्याला खर्च जवळजवळ नसतो. ते खोडून काढण्याला मात्र उपकरणे लागतात, वेळ लागतो आणि मनस्ताप सोसावा लागतो. शिवाय पैज हा करार असतो, आणि पराभव मान्य करण्याची तयारी नसलेल्या माणसाशी केलेला करार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. विज्ञानातील मतैक्याचा पाया नेमका येथे आहे. कोणता पुरावा मिळाला असता आपण आपले मत सोडू, हे दोन्ही पक्ष आधी ठरवतात व निकालानंतर त्याला बांधील राहतात. ही बांधिलकी नसेल, तर हजार प्रयोगांनीही मतैक्य होत नाही.

परंतु वॉलेस यांना केवळ विवेकाचा प्रतिनिधी ठरवून मोकळे होता येत नाही. त्याच काळात ते मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या बैठकांवर विश्वास ठेवू लागले होते. १८७६ साली हेन्री स्लेड या माध्यमावर फसवणुकीचा खटला चालला, तेव्हा ते त्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. अरण्यात ज्या डोळ्यांनी फुलपाखरांच्या जातींमधील सूक्ष्म भेद टिपले, तेच डोळे अंधाऱ्या खोलीतील हातचलाखीपुढे हतबल ठरले. देवीच्या लसीलाही त्यांनी कडाडून विरोध केला. त्यासाठी त्यांनी मृत्यूंची सरकारी आकडेवारी चाळली व तिच्यातील दोष दाखवले. आकडे तपासून पाहण्याचा त्यांचा आग्रह योग्य होता. काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. याच लसीच्या बळावर देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली केली. जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी १८८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. गरिबांविषयीची कळवळ आणि अधिकारपदस्थांविषयीचा संशय यांतून त्यांची बरीच बंडे जन्मली. संशयाने त्यांना नव्या सत्यापर्यंत नेले, तसेच भ्रमापर्यंतही नेले.

वार्धक्यात ते विश्वरचनेच्या प्रश्नाकडे वळले. १९०३ साली 'मॅन्स प्लेस इन द युनिव्हर्स' या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की सूर्य ताऱ्यांच्या समूहाच्या मध्याजवळ आहे आणि बुद्धिमान जीवसृष्टी पृथ्वीखेरीज अन्यत्र असणे जवळजवळ अशक्य आहे. ज्योतिर्विदांनी या निष्कर्षावर टीका केली. गंमत अशी, की सूर्य मध्याजवळ आहे ही कल्पना त्यांच्या पदरची नव्हती. त्या वेळच्या मान्यवर ज्योतिर्विदांच्या निरीक्षणांतूनच ती आली होती. आकाशगंगेतील धूळ दूरचे तारे झाकते, त्यामुळे कोणत्याही दिशेला पाहिले तरी आपण मध्ये आहोत असा भास होतो, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी तारकागुच्छांच्या मोजमापांवरून सूर्याला केंद्रापासून दूर सरकवले आणि १९२० च्या दशकात हबल यांनी आपल्या आकाशगंगेपलीकडेही आकाशगंगा असल्याचे दाखवले. म्हणजे या वेळी वॉलेस प्रस्थापित मताबरोबर होते आणि ते मतच अपुरे निघाले.

याच्या उलट उदाहरण चार वर्षांनी घडले. पर्सिव्हल लोवेल या धनिक हौशी ज्योतिर्विदाने स्वखर्चाने वेधशाळा उभारली होती व मंगळावरील कालवे तेथील बुद्धिमान रहिवाशांनी खोदले आहेत, असे तो सांगत होता. वृत्तपत्रे त्याच्या कथांनी भरून जात. १९०७ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, वॉलेस यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. दुर्बिणीतून काय दिसते याचा वाद त्यांनी बाजूला ठेवला. मंगळाला सूर्याची उष्णता किती मिळते, तेथील विरळ हवा ती किती टिकवू शकेल, एवढे पाणी उघड्या कालव्यांतून वाहत नेले तर त्याचे काय होईल, असे साधे हिशेब त्यांनी मांडले आणि तेथे पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, असा निष्कर्ष काढला. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाजवळून छायाचित्रे पाठवली, त्यांत कालव्यांचा मागमूसही नव्हता.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी वॉलेस यांचे निधन झाले. १९०८ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा ब्रिटनमधील सर्वोच्च सन्मानांपैकी एक त्यांना मिळाला होता. लंडनच्या वैज्ञानिक वर्तुळाने त्यांच्या विक्षिप्त मतांसकट त्यांना आपले मानले, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे. त्यांची आत्म्यांविषयीची मते विज्ञानाने स्वीकारली नाहीत. पण त्या मतांमुळे त्यांचे जीवशास्त्रातील काम नाकारलेही नाही. माणसाचे नाव न पाहता प्रत्येक विधानाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याची ही रीत आहे.

तेव्हा बंडखोर कोण आणि वेडगळ कोण, हे बहुमताकडे पाहून ठरत नाही, तसेच एकटेपणाकडे पाहूनही ठरत नाही. एकटा आहे म्हणून कोणी गॅलिलिओ होत नाही. दुर्बीण समोर असताना तिला डोळा लावण्याची तयारी आहे काय, आणि दिसलेले आपल्याविरुद्ध गेले तर हार पत्करण्याचे धैर्य आहे काय, एवढेच पाहायचे. या कसोटीवर वॉलेसही सर्व प्रसंगी उतरले नाहीत. मात्र शास्त्रज्ञांचे मतैक्य विश्वसनीय ठरते ते शास्त्रज्ञ चुकत नाहीत म्हणून नव्हे. सूर्याचे स्थान ठरवताना झालेली चूक दुरुस्त झाली, ती बाहेरच्या कोणी आरडाओरडा केल्यामुळे नव्हे, तर ज्यांनी ती केली त्यांच्याच परंपरेतील माणसांनी अधिक काटेकोर मोजमाप केल्यामुळे. आजही पृथ्वी सपाट मानणारे आहेत आणि उद्याही असतील. त्यांच्याशी पैज लावण्यात शहाणपण नाही. परंतु आपले मत कोणत्या मोजमापावर उभे आहे, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. पृथ्वी गोल आहे असे मानणाऱ्या किती जणांना ते सिद्ध करून दाखवता येईल, हा प्रश्न हॅम्पडनच्या हट्टापेक्षा अधिक गंभीर आहे.