कॉम्प्युटरचा जनक आणि अर्धवट प्रोजेक्ट

कॉम्प्युटरचा जनक कोण? चार्ल्स बॅबेज! एका मार्काचा प्रश्न, आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनीसुद्धा घोकलेला. पण या जनकाने आयुष्यभरात एकही मोठं मशीन पूर्ण केलं नाही, हे शाळेत कुणी सांगत नाही. आणि कमाल म्हणजे, कारखान्यात पैसा कुठे मुरतो हे त्याच्याइतकं समजणारी माणसं त्या काळी फार थोडी होती.

जन्म २६ डिसेंबर १७९१, लंडन. वडील बँकर. केंब्रिजला गणित शिकला. तेव्हा जहाजं, विमा, खगोलशास्त्र, सगळं छापील गणिती कोष्टकांवर चालायचं. ती माणसं हाताने तयार करायची, त्यामुळे चुका ढीगभर. हे काम मशीनने का करू नये, असं बॅबेजच्या डोक्यात आलं. १८२२ मध्ये त्याने 'डिफरन्स इंजिन'चं छोटं मॉडेल चालवून दाखवलं आणि १८२३ मध्ये सरकारने पैसे मंजूर केले. आपल्या भाषेत, प्रोटोटाईप बघून फंडिंग मिळालं!

पूर्ण मशीनला सुमारे २५,००० भाग लागणार होते. काम जोसेफ क्लेमेंट या कारागिराकडे गेलं. (मेकॅनिकलवाल्यांनो, तुमचा थ्रेडवाला व्हिटवर्थ याच क्लेमेंटच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता.) १८२७ मध्ये वडील, बायको आणि मुलं अशी घरातली माणसं एकाच वर्षात गेली. बॅबेज खचला, युरोपात फिरायला निघाला.

कारखाने बघण्याचा नाद त्याला होताच. त्यातून १८३२ मध्ये 'ऑन द इकॉनॉमी ऑफ मशीनरी अँड मॅन्युफॅक्चर्स' हे पुस्तक आलं. त्यातला मुद्दा आजही मॅनेजमेंटला शिकवतात. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढ्याच कौशल्याचे पैसे द्या. निष्णात कारागिराला पूर्ण मजुरी देऊन टाचणीला टोपी बसवायला लावाल तर बुडालात. फ्रान्समध्ये द प्रोनीने कोष्टकं अशीच करून घेतली होती: वर मोजके गणिती, खाली साठ-ऐंशी जण फक्त बेरीज-वजाबाकी करणारे. या खालच्या थराचं काम बॅबेजला मशीनला द्यायचं होतं. मोठा प्रॉब्लेम सोप्या स्टेप्समध्ये फोडायचा, आपण प्रोग्रॅम लिहिताना आणखी काय करतो?

आणि स्वतःच्या प्रोजेक्टचं काय? त्याच १८३२ मध्ये गणन भागाचा जेमतेम सातवा हिस्सा जोडून झाला होता. पुढच्या वर्षी वर्कशॉप हलवण्यावरून आणि बिलावरून क्लेमेंटशी भांडण झालं, काम थांबलं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे या कामासाठी बनवलेली अवजारं क्लेमेंटच्या मालकीची होती! मला यात क्लेमेंट व्हिलन वाटत नाही. काम सुरू करताना कराराकडे बघणं बॅबेजचं काम होतं.

१८३४ पासून तर त्याच्या डोक्यात नवंच मशीन शिरलं, 'ॲनालिटिकल इंजिन'. पंच कार्ड, आकडे साठवायची जागा वेगळी, हिशोबाची वेगळी. कल्पना जबरदस्त, पण क्लायंटला, म्हणजे सरकारला, आधीचंच मशीन मिळालेलं नव्हतं. शेवटी १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारने हात वर केले. तोवर १७,००० पौंडांवर खर्च झाला होता. तेव्हा रेल्वेचं अख्खं इंजिन आठशेच्या आत मिळायचं!

इकडे स्वीडनच्या शॉइट्झ बाप-लेकांनी त्याच कल्पनेवरून बेतात बसेल असं लहान मशीन केलं. ते १८५३ मध्ये तयार झालं, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं आणि अमेरिकेत विकलंही गेलं. बॅबेजने जळफळाट न करता त्यांचं मोकळेपणाने कौतुक केलं. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

१८ ऑक्टोबर १८७१ ला तो गेला. मागे ड्रॉइंग्जचे गठ्ठे उरले. त्यातल्या 'डिफरन्स इंजिन नंबर २'वरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये मशीन बनवलं, त्याच्या काळात जमली असती तेवढीच अचूकता ठेवून. आणि ते चाललं! प्रिंटर तयार व्हायला मात्र २००२ उजाडलं.